विद्यापीठ ग्रंथालयाचे सहअभ्यासक्रम उपक्रम आणि विद्यार्थ्यांचा सहभाग: मार्गदर्शन हवे

सहायक ग्रंथपाल (विदर्भ)

सप्रेम नमस्कार.

मी एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात, म्हणजे आताच्या नावाप्रमाणे ज्ञानस्रोत केंद्रात, सहायक ग्रंथपाल आहे. येत्या शैक्षणिक वर्षात ग्रंथालयाने कोणते सहअभ्यासक्रम उपक्रम घ्यावेत याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागील वर्षांच्या नस्ती चाळल्या, तेव्हा वर्षाचा क्रम ठरलेलाच दिसला. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक वेळी ग्रंथप्रदर्शन, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे व्याख्यान, आभार आणि छायाचित्र. विभागांना पत्र जाते, विभागप्रमुख यादी करून विद्यार्थी पाठवतात, विद्यार्थी सही करून बसतात आणि दुसरा वक्ता उभा राहीपर्यंत मागच्या दोन-तीन रांगा रिकाम्या होतात.

याच इमारतीत तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत मात्र सकाळी दार उघडण्यापूर्वीच रांग लागलेली असते. ही मुले स्वतःची पुस्तके आणतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात आणि रात्री दिवे बंद होईपर्यंत उठत नाहीत. त्यांना आमचा ग्रंथसंग्रह नको असतो, जागा हवी असते, असे आमच्याकडे बहुतेकांचे मत आहे. ते पूर्ण खरे असावे असे मला वाटत नाही, परंतु माझ्याकडे त्याविरुद्ध सांगण्यासारखे फारसे काही नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या २ वर्षांत सहअभ्यासक्रमासाठी श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. त्यांच्याशी ग्रंथालयाचे उपक्रम जोडता येतील का, अशी विचारणा वरिष्ठांकडून झाली आहे. आमच्याकडे मंजूर पदांपैकी बरीच रिक्त असल्यामुळे नवे काम कोण करणार, हा प्रश्न तर आहेच. ज्या उपक्रमांत विद्यार्थी स्वतःहून आले आणि पुढेही येत राहिले, असा अनुभव कोणाचा असल्यास कृपया सविस्तर लिहावे. उद्घाटनांची यादी माझ्याकडे पुरेशी आहे.

---

ग्रंथपाल (मराठवाडा)

मॅडम, नमस्कार.

आपल्या यादीत एक तारीख नाही आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या तारखेत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त एप्रिलमध्ये राज्यातील अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत 'सलग १८ तास अभ्यास' हा उपक्रम होतो. सकाळी सहाला बसायचे आणि मध्यरात्री बाराला उठायचे. बाबासाहेब दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास करीत, या आठवणीला अभिवादन करण्याची ही रीत आहे. हार आणि भाषण यांच्या जागी तिथे खुर्ची, टेबल आणि पुस्तक असते. कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता विद्यार्थी त्यासाठी नोंदणी करतात.

आमच्याकडे हा दिवस कसा जातो ते थोडे सांगतो, कारण बारकावे महत्त्वाचे आहेत. वसतिगृहातली मुले-मुली आदल्या संध्याकाळी येऊन टेबले मोजतात आणि प्रत्येक जागेवर खडूने क्रमांक घालतात. नोंदणीच्या वहीत नाव, विभाग आणि 'आज काय वाचणार' असे तीन रकाने असतात. तिसरा रकाना विद्यार्थ्यांनीच सुचवलेला आहे. चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण यांची वर्गणी व वाटप त्यांच्याकडे, रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींच्या सोबतीची व्यवस्था त्यांच्याकडे आणि कोणी भ्रमणध्वनी काढून बसले तर खांद्यावर हात ठेवून आठवण करून देणेही त्यांच्याकडे. ग्रंथालयाकडे फक्त वीज, पाणी, सुरक्षारक्षक आणि रात्रीपर्यंत उघडा ठेवलेला देवघेव विभाग. दुपारी तीनच्या सुमारास डुलक्या सुरू होतात, तेव्हा बरीच मुले पाय मोकळे करायला उठतात आणि कपाटांच्या रांगांतून फिरू लागतात. एरवी अभ्यासिकेपलीकडे पाऊल न टाकणारा विद्यार्थी त्या वेळी पहिल्यांदा ग्रंथदालनात शिरतो. आम्ही पुढे राज्य शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, राज्यघटनेवरील पुस्तके आणि काही आत्मचरित्रे त्या रांगेच्या तोंडाशीच मांडून ठेवू लागलो. ती पुस्तके त्या दिवशी टेबलांवर दिसतात आणि त्यांतली काही दुसऱ्या दिवशी घरी नेण्यासाठी नोंदवलीही जातात.

यातून मी जे समजलो ते असे की विद्यार्थ्याला कार्यक्रमात बसवले तर तो प्रेक्षक होतो, आणि ग्रंथालयाच्या कामाचा एखादा खरा वाटा त्याच्या हाती दिला, तर तो ग्रंथालयाचा होतो. १८ तासांच्या उपक्रमातली स्वयंसेवक मुले आम्ही नंतर सोडली नाहीत. त्यांच्यातून एक विद्यार्थी समिती केली आणि तिच्याकडे ग्रंथखरेदीचा लहानसा भाग दिला. पुस्तक विक्रेते प्रदर्शन लावतात, तेव्हा शिफारशीच्या चिठ्ठ्या सामान्यतः प्राध्यापकच भरतात. आता विद्यार्थीही भरतात आणि 'हे पुस्तक का हवे' हे चार ओळींत लिहितात. आमची एकच बांधिलकी अशी की प्रत्येक चिठ्ठीला उत्तर मिळाले पाहिजे: घेतले, किंवा घेतले नाही आणि त्याचे कारण अमुक. आधीची प्रत उपलब्ध असेल तर वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि दाखल क्रमांक (नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक) देऊन ती कुठे आहे ते सांगायचे. उत्तर मिळते हे कळल्यावर चिठ्ठ्यांची भाषा बदलते. 'चांगले पुस्तक आहे' एवढ्यावर न थांबता मुले 'आपल्याकडची आवृत्ती जुनी आहे, नव्या आवृत्तीत अमुक प्रकरण वाढले आहे' असे लिहू लागतात. ग्रंथनिवडीचा याहून चांगला वर्ग मला तरी घेता आला नसता.

---

निवृत्त ग्रंथपाल

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरीही काही अडचणींकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण नव्याने आराखडा करणाऱ्या व्यक्तीला त्या पहिल्या सत्रातच भेटतील.

पहिली अडचण श्रेयांकांची. मी ज्या महाविद्यालयातून निवृत्त झालो, तिथे वाचक मंडळ उत्तम चालले होते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मुले बसत, एखादी कथा वाचत आणि भांडत. पुढे त्याची उपस्थिती अंतर्गत गुणांशी जोडण्यात आली. संख्या चौपट झाली आणि भांडण थांबले. मुले सही कुठे करायची एवढेच विचारीत. जे आपखुशीने चालले आहे त्याला गुण लावताना दहादा विचार करावा.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना आहे आणि तिच्यातले कितीतरी विद्यार्थी ग्रंथालयातच काम करतात: परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, पाठीवरची वर्गांकाची चिठ्ठी चिकटवणे, साठा पडताळणीच्या वेळी दाखल नोंदवहीशी ताडून पाहणे. त्यांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो आणि कित्येकांची खानावळ त्यावर चालते. आता रिक्त पदांची उणीव भरून काढण्यासाठी हेच काम 'सहअभ्यासक्रम' म्हणून दुसऱ्या विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेतले, तर एकाच कपाटापाशी एक विद्यार्थी मजुरीवर आणि दुसरा श्रेयांकावर उभा राहील. प्रशासनाला दुसरा स्वस्त पडेल आणि पहिल्याचे तास कमी होतील. हे होणार नाही अशी खात्री कोणी देऊ शकत असेल तर द्यावी.

कार्यक्रम घेणे हा ग्रंथपालाचा छंद नव्हे, हेही वरिष्ठांच्या कानावर घालण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालांच्या मूल्यमापनाचा जो तक्ता आहे, त्यात ग्रंथालयाच्या कामाविषयी किंवा विशिष्ट पुस्तकांविषयी चर्चासत्रे व कार्यशाळा घेणे हा स्वतंत्र निकष आहे. मात्र उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आतापर्यंतच्या चौकटीत ग्रंथालय चौथ्या निकषात, म्हणजे पायाभूत सुविधांत, आणि विद्यार्थ्यांचा सहभाग पाचव्या निकषात मोजला जात आला. त्यामुळे ग्रंथालयाने घेतलेला उपक्रम अहवालात नेमका कोणी लिहायचा, यावर मी समित्यांच्या बैठकांत पुष्कळ वेळ गेलेला पाहिला आहे. मॅडमनी हे आधीच ठरवून घ्यावे.

---

मराठी विभाग, सहायक प्राध्यापक

निवृत्त ग्रंथपाल सरांचा मजुरीविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यातूनच एक वाटणीरेषा निघते असे वाटते. जे काम रोज व्हायलाच हवे आणि झाले नाही तर ग्रंथालय थांबेल, ते वेतनाचे किंवा 'कमवा आणि शिका'चे. ज्या कामात विद्यार्थी काही शिकतो आणि ज्याच्या शेवटी त्याच्या नावाने काही उभे राहते, ते श्रेयांकाचे. आमच्याकडे या दुसऱ्या प्रकारात जो उपक्रम रुजला तो मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचा.

विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्कॅन करून चढवली जातात. आपल्या कायद्यानुसार सामान्यतः लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे ग्रंथ मुक्त होतात. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्र मजकूर ओळखते आणि तो मजकूर मूळ पानाशी ताडून माणसाने शुद्ध करायचा असतो. पडद्यावर एका बाजूला पिवळट पडलेले पान आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर, असे काम चालते. यंत्र 'घ' आणि 'ध' यांत गोंधळते, 'र्‍या' मोडते, तळटीप मजकुरात घुसवते. खरी गंमत जुन्या लेखनाची असते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'गांवांत' असे अनुस्वार ओळीओळीला भेटतात. मुलांचा हात ते काढून टाकण्यासाठी शिवशिवतो आणि 'मुळात जसे आहे तसेच ठेवायचे' हे सांगावे लागते. जुन्या लेखनपद्धतीवर मी वर्गात तासभर बोललो तरी जे कळत नाही, ते अशी दहा पाने ताडल्यावर कळते.

सहीपुरत्या उपस्थितीची जी भीती सरांनी सांगितली, तिच्यावरही या कामात एक उपाय अंगभूत आहे. प्रत्येक पानाला रंगाने स्थिती दाखवलेली असते: तपासलेले नसेल तर लाल, एकाने मुद्रितशोधन केले की पिवळा, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासून मान्यता दिली की हिरवा. पिवळे पान ज्याने केले त्यालाच ते हिरवे करता येत नाही. म्हणजे दोन विद्यार्थ्यांना एकमेकांचे काम वाचावेच लागते आणि कोणी काय बदलले याचा इतिहास पानासोबत राहतो. उपस्थितीपत्रक भरावे लागत नाही. आम्ही पाने मोजूनही श्रेयांक देत नाही, कारण मग मुले सोपी पाने शोधतात. प्रत्येकाने आपल्या पुस्तकाविषयी एक टिपण लिहायचे, त्यात मुद्रणालय, आवृत्ती, मालकांचे शिक्के, समासातल्या नोंदी यांविषयी जे दिसले ते नोंदवायचे आणि त्यावर तोंडी चर्चा करायची, अशी पद्धत ठेवली आहे. ज्यांना पूर्ण पुस्तकाचा धीर नसतो ते मराठी विकिपीडियावरील लेखांत जिथे 'संदर्भ हवा' अशी खूण आहे, तिथे नियतकालिकांच्या बांधीव खंडांतून संदर्भ शोधून जोडतात. त्यासाठी त्यांना संदर्भ विभागात बसावेच लागते.

आता श्रेयांकांचे प्रत्यक्ष गणित. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातील आराखड्यात सहअभ्यासक्रमाखाली राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्र सेना, क्रीडा, योग, आरोग्य, सांस्कृतिक उपक्रम आणि ललित कला यांचा उल्लेख आहे. ग्रंथालयाचे नाव त्यात वेगळे नाही, म्हणून काही ठिकाणी 'बसत नाही' असे उत्तर मिळते. आम्ही सांस्कृतिक उपक्रमाखाली प्रस्ताव दिला. समुदाय सहभाग किंवा क्षेत्र प्रकल्प याखालीही असा प्रस्ताव नेता येईल, विशेषतः जवळच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथांची यादी करून देण्यासारखे काम असेल तर. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या १ श्रेयांकाला साधारण ३० तास धरले जातात, त्यानुसार कामाचे तास, मूल्यमापन आणि जबाबदार शिक्षक असा दोन पानी मसुदा अभ्यास मंडळापुढे ठेवावा. ग्रंथपालांनी हे एकट्याने करू नये. एखादा विभाग सोबत असेल तर प्रस्ताव विद्या परिषदेपर्यंत पोहोचतो, नसेल तर टेबलावर राहतो.

---

अभ्यासिकेतला एक

मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे आणि ज्यांना 'फक्त जागा हवी असते' त्यांच्यापैकीच एक आहे, म्हणून आमची बाजू लिहितो.

आम्ही कार्यक्रमांना येत नाही याचे एक साधे कारण असे की कार्यक्रम असला की अभ्यासिका बंद होते किंवा तिच्या शेजारी ध्वनिक्षेपक लागतो. ज्या दिवशी वाचनाचे महत्त्व सांगितले जाते त्या दिवशी आम्हाला वाचायला बाहेर झाडाखाली बसावे लागते. वेळही दुपारी तीनची असते. रात्री आठला जेवणानंतर अर्धा तास ठेवून पाहा, वसतिगृहातली मुले येतील.

दुसरे असे की आम्हाला ग्रंथसंग्रह नको असतो हे मत जुने झाले आहे. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्यायांपुढे गोल काळे करण्याचा अभ्यास आता पुरत नाही, उत्तरे लिहावी लागतात आणि उत्तरात घालायला आकडे व उदाहरणे लागतात. राज्याची आर्थिक पाहणी, जिल्ह्यांची गॅझेटियर, जनगणनेचे खंड, आयोगांचे अहवाल ही सामग्री ग्रंथालयातच आहे. ती शासकीय प्रकाशनांच्या कपाटात कुलपात असते आणि कुठे काय आहे हे आम्हाला ठाऊक नसते. मुलांची दर आठवड्याची उत्तरलेखन बैठक ग्रंथालयाने आपली म्हणून चालवावी. एका बंद दालनाची किल्ली द्यावी, विषय आधी फळ्यावर लिहावा, आणि त्या विषयाशी संबंधित अहवाल व लेख संदर्भ विभागाने टेबलावर काढून ठेवावेत. आम्ही एकमेकांच्या उत्तरांवर शेरे मारतोच, फक्त सध्या ते चहाच्या टपरीवर मारतो. त्यासाठी पाहुणे, पुष्पगुच्छ आणि श्रेयांक यांपैकी काहीच नको आहे. प्रमाणपत्रे हवीच असतील तर राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचे एनडीएलआय क्लब आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना ती मिळतात. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांकडे अशी प्रमाणपत्रे ढिगाने आहेत आणि ती कोणी पुन्हा उघडून पाहिलेली नाहीत.

---

सहायक ग्रंथपाल (विदर्भ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखड्यात पुढील बदल करीत आहे. जयंत्यांचे कार्यक्रम राहतील, ते टाळणे माझ्या हातात नाही, परंतु व्याख्यान एकच आणि तेही अभ्यासिकेपासून दूरच्या सभागृहात. उत्तरलेखन बैठकीसाठी नियतकालिक विभागामागचे दालन रात्री सात ते नऊ उघडे ठेवण्याची परवानगी मागितली आहे, आणि शासकीय प्रकाशनांच्या कपाटांचे कुलूप काढण्याचा निर्णय माझ्याच अधिकारात असल्यामुळे तो लगेच घेतला. श्रेयांक फक्त विकिस्रोताच्या कामाला लावण्याचा प्रस्ताव मराठी विभागासोबत करीन. पुस्तके लावणे, साठा पडताळणी ही कामे त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत असे मसुद्यातच लिहीन, म्हणजे पुढे कोणी पद बदलून आले तरी त्याचा अर्थ बदलणार नाही.

प्राध्यापक महोदयांना एक विचारायचे आहे. पहिल्या सत्रासाठी पुस्तक कसे निवडावे? आमच्याकडे जुन्या मराठी पुस्तकांची संख्या मोठी आहे आणि अनेकांची पाने हात लावताच तुटतात.

---

मराठी विभाग, सहायक प्राध्यापक

तुटणारी पाने असलेले पुस्तक पहिल्या सत्रात अजिबात घेऊ नये. त्याचे स्कॅनिंग अनुभवी माणसाकडून, वरून छायाचित्र घेणाऱ्या यंत्रावर व्हायला हवे, सपाट काचेवर दाबून नव्हे. सुरुवातीला शंभराच्या आसपास पानांचे, गद्य, तळटिपा व तक्ते कमी असलेले आणि बांधणी सैल न झालेले पुस्तक घ्यावे. शीर्षकपान शाबूत असावे आणि त्यावर प्रकाशनवर्ष छापलेले असावे. लेखकाच्या निधनाचे वर्ष खात्रीने कळत नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. दुसऱ्या कोणी प्रस्तावना लिहिली असेल तर तिच्या लेखकाचे वर्षही वेगळे तपासावे, कारण मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी प्रस्तावना मुक्त झालेली असेलच असे नाही. आणि ते पुस्तक आधीच विकिस्रोतावर आहे का हे शोधून मगच यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. तीन-चार नावे द्यावीत आणि त्यांतून निवड त्यांनाच करू द्यावी.